मामांच्या निकॉन लेन्स सोनीवर: बसतील सगळ्या, चालतील किती?

प्रश्न देवगडहून आलाय. मामांचा स्टुडिओ बंद झाला आणि त्यांच्या कपाटातून भाच्याला पाच लेन्स मिळाल्या. निकॉनच्या 24 मिमी एफ 2.8 आणि 105 मिमी एफ 2.5 या दोन जुन्या मॅन्युअल एआय-एस, एक 50 मिमी एफ 1.8 डी, एक 70-200 एफ 2.8 जी व्हीआर आणि कॅननची एफडी 50 मिमी एफ 1.4. सोबत निकॉन डी 750 बॉडी, चालू स्थितीत. भाच्याचा स्वतःचा कॅमेरा सोनी ए 7 थ्री. लग्नं, शिमगा, दशावतार, जे येईल ते काम करतो. आता या लेन्स सोनीवर लावायला कोणता अ‍ॅडॅप्टर घ्यावा, स्वस्तातला की महागातला, असं तो विचारतोय. शिवाय मित्राच्या निकॉन डीएसएलआरवर ती एफडी लेन्स बसेल का, हाही प्रश्न आहे.

काका म्हणून विचारलंस, तर अरे-तुरेच करतो. आधी निकाल सांगतो. 24, 105 आणि 50 साठी साधे, आत कसलीही इलेक्ट्रॉनिक्स नसलेले अ‍ॅडॅप्टर घे, प्रत्येक लेन्सला एक. एफडीसाठी वेगळा, तोही साधाच. आणि 70-200 साठी काहीही घेऊ नकोस. ती डी 750 वरच राहू दे.

कारण असं की ‘बसेल का’ हा या सगळ्यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. लेन्सच्या मागच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स-बॉडी जोडणाऱ्या कडीच्या प्रकाराचं, ठरलेलं असतं. निकॉन एफचं 46.5 मिलिमीटर, सोनी ई चं 18. निकॉनची लेन्स सोनीवर लावायची तर मधले 28.5 मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी लागते. अ‍ॅडॅप्टर म्हणजे ती नळी. आत काच नाही, त्यामुळे लेन्सच्या गुणवत्तेत ती काही घालत नाही आणि, नीट बनवलेली असेल तर, काही काढतही नाही. तुझ्या सोनीसारख्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नाही, म्हणून हे अंतर एवढं कमी. सोनी ई 18, निकॉन झेड 16, कॅनन आरएफ 20, फुजी एक्स 17.7. जुन्या एसएलआर, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या लेन्स बहुतेक 42 ते 46.5 च्या घरात. म्हणून जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स कुठल्याही मिररलेसवर चढते.

खरा प्रश्न पुढे आहे. लेन्सची पाती, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारं अ‍ॅपर्चर, कोण बंद करतं आणि फोकस कोण फिरवतं? हे दोन प्रश्न प्रत्येक लेन्सला वेगवेगळे विचारायचे. तुझ्या निकॉनच्या चार लेन्स एकाच माउंटच्या असल्या तरी उत्तरं तीन प्रकारची येतात, आणि निकॉनचं दुखणं नेमकं इथेच आहे. एफ माउंट 1959 पासूनचा. तेव्हापासून कंपनीने कडीचा आकार बदलला नाही, पण कडीतून जाणारे निरोप मात्र दर पिढीत बदलले.

24 आणि 105 एआय-एस यांचा हिशेब सरळ आहे. फोकस हाताने, अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने. साध्या अ‍ॅडॅप्टरवर रिंग 5.6 ला फिरवलीस की पाती तिथल्या तिथे बंद होतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तेच दिसतं. काहीही हरवत नाही.

50 एफ 1.8 डी दिसायला ऑटोफोकस आहे, पण तिच्यात मोटर नाही. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने तिचा फोकस फिरवते. सोनीत तो स्क्रू नाही. सोनीचं सोड, निकॉनचा स्वतःचा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून निकॉन झेडवर चढवलीस तरी ही लेन्स ऑटोफोकस करत नाही. अ‍ॅडॅप्टरच्याच पोटात मोटर बसवलेले प्रकार निघालेत, पण त्या पैशात सोनीची स्वतःची 50 येते. तेव्हा हिला मॅन्युअलच समज. एक गोष्ट मात्र बघ. अ‍ॅपर्चर रिंगवर 22 च्या जवळ एक बारीक सरकतं कुलूप असतं. डिजिटल निकॉनवर वापरताना लोक रिंग 22 ला लावून ते बंद करून टाकतात, मग वर्षानुवर्षं तिकडे कुणाचा हात जात नाही. ते उघड, नाहीतर सोनीवर चित्र काळंकुट्ट दिसेल आणि लेन्स बिघडली असं वाटेल.

70-200 जी वर अ‍ॅपर्चर रिंगच नाही. मागच्या बाजूला एक पातळ पत्र्याची दांडी आहे, ती बॉडी हलवते. लेन्स कॅमेऱ्यातून काढलीस की स्प्रिंगमुळे पाती पूर्ण मिटतात. म्हणजे अगदी साध्या अ‍ॅडॅप्टरवर ती कायम 22 ला. ‘जी’ साठी म्हणून मिळणाऱ्या अ‍ॅडॅप्टरना एक निळी किंवा रुपेरी रिंग असते, ती फिरवली की ही दांडी हलते. पण तिच्यावर एफचे आकडे नसतात, अंदाजाने काम. व्हीआरला, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला, वीज बॉडीकडून लागते, ती मिळत नाही, म्हणून व्हीआर बंद. ऑटोफोकसही नाही. इलेक्ट्रॉनिक अ‍ॅडॅप्टर घेतलास तर या तिन्ही गोष्टी परत येतात, अर्ध्यामुर्ध्या. स्टेजवर उभ्या नवरा-नवरीचा एकेक फोटो काढताना चालेल. वरात पुढे येतेय, तू मागे सरकत सलग फ्रेम घेतोयस, तिथे फोकस मागेपुढे शोधत बसतो. शिवाय कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदललं की अ‍ॅडॅप्टरचंही बदलावं लागतं, आणि अ‍ॅडॅप्टरवाली कंपनी तोवर नव्या मॉडेलच्या मागे लागलेली असते. ज्या कामाचा अ‍ॅडव्हान्स घेतलाय त्या कामात हा खेळ नको.

डी 750 हा 2014 चा कॅमेरा, पण ती लेन्स त्याच्यावर पूर्ण वेगाने चालते. स्क्रूची मोटरही त्यात आहे, म्हणजे हवी तेव्हा 50 सुद्धा तिथे ऑटोफोकस करेल. दोन बॉडी गळ्यात घालून लग्नाचे फोटो काढणारे बरेच लोक असेच आहेत, एक नवी एक जुनी. पुढे डी 750 दमला की तेव्हा 70-200 विकून सोनीचीच टेली घ्यायची का, ते बघ.

(कॅनन ईएफवाल्या मित्रांचं ऐकून तुला हे सगळं विचित्र वाटेल. त्यांचं सोपं असतं. कॅननने 1987 ला ईएफ माउंट आणला तेव्हाच दांड्या, स्क्रू सगळं काढून टाकलं आणि सगळे निरोप विजेच्या ठिपक्यांवर टाकले. म्हणून ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर मधली 24 मिमीची नळी लावून जशीच्या तशी चालते, आणि सोनीवरही बरीच बरी चालते. उलट, बिनइलेक्ट्रॉनिक नळीवर ईएफ लेन्सची पाती हलवायला काहीच उरत नाही.)

आता साधा अ‍ॅडॅप्टर कुठला, याकडे. एकदम तळाचा घेऊ नकोस. ब्रँडचं नाव मी सांगणार नाही, कारण एकाच ब्रँडच्या दोन नगांत फरक निघतो. हातात आल्यावर तपासायच्या गोष्टी सांगतो.

पहिली जाडी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 0.1 मिलिमीटरने काय होतं ते गणित करून बघ. फोकल लेंथचा, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा, वर्ग घे आणि त्याला जाडीतल्या चुकीच्या आकड्याने भाग. 24 चा वर्ग 576, भागिले 0.1, म्हणजे 5760 मिलिमीटर. अ‍ॅडॅप्टर कागदाच्या जाडीएवढा जास्त जाड असेल तर तुझी 24 इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेला टेकल्यावरही पावणेसहा मीटरवरच फोकस करेल. त्यापलीकडचा किल्ला, समुद्र, आकाश सगळं मऊ. तीच चूक 105 वर 110 मीटरला नेऊन ठेवते, तिथे ती चटकन लक्षातही येत नाही. म्हणून अ‍ॅडॅप्टर नेहमी सर्वांत वाइड लेन्सवर तपासायचा. रात्री किल्ल्यातल्या दीपगृहाकडे किंवा बाहेर उभ्या ट्रॉलरच्या दिव्याकडे लेन्स रोख, अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, कॅमेऱ्यातला मॅग्निफायर (चित्राचा तुकडा मोठा करून दाखवणारी सोय) लाव. फोकस रिंग शेवटाला टेकण्याआधी दिवा टाचणीएवढा होऊन पुन्हा फुगायला लागला तर ठीक. टेकूनही टाचणीएवढा होतच नसेल तर अ‍ॅडॅप्टर परत कर.

कारखानेही हे जाणतात, त्यामुळे बहुतेक अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात. इन्फिनिटी मिळते, पण लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे पडतात. शिवाय 24 एफ 2.8 मध्ये जवळच्या फोकससाठी आतला एक काचगट वेगळा सरकतो. तो फोकस रिंगच्या जागेवरून ठरतो, खऱ्या अंतरावरून नाही. रिंग चुकीच्या जागी असली की कोपरे ढिले पडतात. अशा लेन्सला जरा बऱ्यातला अ‍ॅडॅप्टर दे, 105 ला स्वस्तातला चालेल.

दुसरी गोष्ट आतली चमक, आणि ही आपल्याकडे फार महत्त्वाची. स्वस्त नळीचा आतला भाग काळा असतो पण गुळगुळीत. संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून समुद्रावर फोटो काढायचे हे आपलं नेहमीचंच. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर असला की त्या भिंतीवरून प्रकाश उसळतो आणि चित्राच्या मध्यावर पांढुरकी झाक येते. लोक म्हणतात, जुनी लेन्स आहे, कोटिंग गेलंय. अ‍ॅडॅप्टर काढून डोळ्यापुढे धर आणि ट्यूबलाइटकडे बघ. आतली भिंत चमकताना दिसली तर तिथे मॅट काळा रंग किंवा काळ्या मखमलीची चिकटपट्टी लाव. संपर्काच्या कडांवर काही लागू देऊ नकोस. कॉन्ट्रास्टमधला फरक तुला त्याच संध्याकाळी दिसेल.

तिसरी, ढिलेपणा. लेन्स बसवून हलक्या हाताने फिरवून बघ. फोकस करताना लेन्सच डावी-उजवी हलत असेल तर ती नळी वापरण्यात अर्थ नाही.

कॅमेऱ्यात काही सेटिंग बदलावी लागतील. साध्या नळीवर कॅमेऱ्याला लेन्स लावलीय हेच कळत नाही, म्हणून ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू कर, नाहीतर शटर पडणारच नाही. स्टेडीशॉट (सोनीच्या बॉडीतलं स्थिरीकरण) मॅन्युअल करून त्यात फोकल लेंथ भर. 105 लावून आकडा 24 राहिला तर स्थिरीकरण अपुरं पडतं, उलटं केलंस तर चित्र उगाच हलतं. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर स्वतः ठरवून दे, कॅमेऱ्याकडे लेन्सची माहितीच नाही. आणि एक जे फार कमी लोक करतात: ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर’ बंद ठेव. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर, विशेषतः भर उन्हात पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला वेगवान शटर लावलंस तर एक्स्पोजर वर-खाली असमान येऊ शकतं. सोनीच्या सूचनांमध्येच हे लिहिलंय.

आता कामाचं. दशावतारासाठी ती 105 सोनं आहे. हीच लेन्स घेऊन स्टीव्ह मॅकरीने 1984 मध्ये त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. देवळासमोरच्या मांडवात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून राजाचा चेहरा फ्रेममध्ये नेमका बसतो. पण तिथे फोकस पीकिंगवर विसंबू नकोस. पीकिंग म्हणजे जिथे कडा तीक्ष्ण दिसेल तिथे रंग भरणं. दशावतारी राजाच्या किरीटावर, भुजांवर, शेल्यावर एवढी चकाकी असते की सगळा माणूसच लाल रंगाने भरून जातो आणि डोळे फोकसमध्ये आहेत की मुकुट, काही समजत नाही. त्यापेक्षा मॅग्निफायर सी वन बटनावर घे, डोळ्याखालच्या काजळरेषेवर फोकस कर आणि मग तशीच तयारीत थांब. पात्र एकाच जागी उभं राहून लांब संवाद म्हणतं तेव्हा शरीर पुढे-मागे झुलतं. त्या झुलण्याचा एक टप्पा पकड, रिंग हलवू नकोस, माणूस परत त्या जागी येतो तेव्हा शटर दाब. एफ 2.5 ला फोकसची खोली फार कमी, 4 ला जरा जीवात जीव येतो. सायलेंट शटर मोहात पाडतं, पण एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल वापर आणि शटर 1/100 च्या आसपास ठेव. पेटी, पखवाज आणि झांज चालू असताना शटरचा आवाज कुणाला ऐकू येणार आहे?

शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा याच्या उलट. तिथे ऑटोफोकसही गोंधळतो, खांदे, हात, गुलाल सगळं मध्ये येतं. तिथे 24 लाव, अ‍ॅपर्चर 8, आणि फोकस अडीच मीटरवर. या हिशेबाने सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ मिळतं. मात्र वर सांगितलं तसं लेन्सवरचा आकडा खरा मानू नकोस. अडीच मीटरवर एक माणूस उभा कर, मॅग्निफायरने त्याच्यावर फोकस कर आणि रिंगवर कागदी टेपचा तुकडा लाव. मग गर्दीत शिरून फक्त फ्रेम बघायची. या जुन्या लेन्सना धूळ-पाण्यापासून बचाव करणारी रबराची सील नसते आणि नळीला तर दोन उघडे सांधे. गुलाल उडायला लागला की सांध्यांभोवती तोच कागदी टेप गुंडाळ. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

प्रत्येक लेन्सला वेगळा अ‍ॅडॅप्टर का म्हणालो, ते इथे कळेल. नळी कायमची लेन्सच्या मागे राहू दे आणि तिच्या मागे सोनीचं झाकण लाव. मग ती तुझ्यासाठी सोनीचीच लेन्स झाली. किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून आधी लेन्स नळीतून काढ, मग दुसरी नळीत घाल, तोवर सेन्सर उघडा, हे टळतं. तरी आठवड्यातून एकदा मात्र नळी सोडव. खारी हवा पितळेच्या कडीत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत अडकली की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं खायला लागतं आणि एक दिवस सांधा सुटतच नाही. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फिरव, लगेच कोरडं पूस. तेल, ग्रीस काही लावू नकोस.

अ‍ॅडॅप्टरची ऑर्डर देण्याआधी लेन्स तपास, कारण स्टुडिओ बंद झाल्यावर कपाटात किती पावसाळे गेले ते तू लिहिलं नाहीस. आपल्याकडे धो धो पाऊस, आणि त्या चार महिन्यांत चामड्याची केस म्हणजे बुरशीचं घर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मार आणि पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की बुरशी. कडेला थोडेसे असतील तर फोटोवर परिणाम होणार नाही, पण त्या लेन्सला बाकीच्यांपासून वेगळं ठेव आणि साफ करून घे. मुंबईत फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला अजून हे काम करणारे हात आहेत. फार दिवस राहिलेली बुरशी कोटिंग खाते, मग तंतू निघाले तरी व्रण राहतात. उन्हात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. उष्णतेने आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. पात्यांचीही परीक्षा घे: निकॉनच्या लेन्सची रिंग आधी मोठ्या आकड्याला फिरव, मग मागची दांडी बोटाने सरकवून सोड. खट्‌कन मिटली पाहिजेत. आळसावून मिटत असतील तर तेल आलंय.

ठेवायला ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारे मी पाहिलेत. त्यात कोंडा आणि पोरकिडे फुकट मिळतात. चामड्याच्या केसेस मामांची आठवण म्हणून वेगळ्या ठेव, लेन्स त्यांत परत घालू नकोस.

राहिली एफडी. कॅनन एफडीचं अंतर 42 मिलिमीटर, मित्राच्या निकॉनचं 46.5. इथे नळी भरायला जागा नाही, उलट लेन्स साडेचार मिलिमीटर आधीच पुढे. म्हणजे ती एक्स्टेंशन ट्यूब लावल्यासारखी वागणार. 50 चा वर्ग 2500, भागिले 4.5, साधारण 555 मिलिमीटर. इन्फिनिटीला लावूनही अर्ध्या-पाऊण मीटरच्या पलीकडचं काही स्पष्ट दिसणार नाही, आणि अ‍ॅडॅप्टरची स्वतःची जाडी धरली तर त्याहूनही कमी. मध्ये काच बसवलेले अ‍ॅडॅप्टर इन्फिनिटी देतात खरे, पण ती काच एफ 1.4 च्या लेन्सची पूर्ण उघडल्यावरची सगळी धार घालवते. मित्राला सांग, दोन-अडीच हजारही त्यात घालू नकोस.

तुझ्या सोनीवर मात्र ती छान बसेल, 24 मिमीच्या नळीवर. एफडीच्या अ‍ॅडॅप्टरला बाहेरून एक रिंग असते, तिच्यावर ‘लॉक’ आणि ‘ओपन’ असं लिहिलेलं असतं. लेन्स लावताना रिंग ‘ओपन’ला ठेव, लेन्स पूर्ण बसल्यावर ‘लॉक’कडे फिरव आणि पुढून आत बघत अ‍ॅपर्चर 16 कर. पाती मिटताना दिसली नाहीत तर आतली पिन नळीच्या खाचेत बसलेली नाही. लेन्स काढून पुन्हा बसव, जोर लावू नकोस.